जुना लॅपटॉप तापतो तेव्हा



14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मिळणारा मोफत आधार थांबला आणि विंडोज 11 चालवू न शकणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप एकदम जुने ठरले. त्यांतल्या काहींवर आता लिनक्स चढतं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाठोपाठ तक्रारही येते: ‘लिनक्स टाकल्यापासून लॅपटॉप इतका तापतो की मांडीवर ठेवता येत नाही.’ दोष लगेच लिनक्सच्या माथी बसतो, नाहीतर मशीनच्या वयाच्या. दोन्ही निकाल घाईचे आहेत. मशीन का तापतं, हे नीट पाहिलं तर सापडतं.

आपण एकच मशीन डोळ्यांसमोर ठेवू: 2011 सालचा थिंकपॅड टी 420. त्यातला आय-5 2520एम प्रोसेसर अडीच गिगाहर्ट्झचा, जोर लावला की 3.2 पर्यंत जाणारा. 100 अंश सेल्सिअस ही त्याची मर्यादा. तिथे टेकला की स्वतःला वाचवण्यासाठी तो वेग उतरवतो. म्हणजे ‘लॅपटॉप स्लो झालाय’ ही तक्रार पुष्कळदा खरं तर तापण्याची असते. म्हणून हात लावून अंदाज बांधू नका, आकडा बघा. एलएम-सेन्सर्स नावाचं छोटं पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ ही आज्ञा द्या. कोअरचं तापमान आणि पंख्याचे मिनिटाला किती फेरे, दोन्ही दिसतात. मात्र डिसेंबरातला आकडा नागपुरात मे महिन्यात मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. खोली जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसरचा पाराही चढतो.

आता मशीन काही न करता दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा. तेव्हा आकडा बरा, पण काम सुरू करताच काही सेकंदांत नव्वदीच्या पुढे गेला, तर दुखणं सॉफ्टवेअरचं नसण्याचीच शक्यता जास्त. बाजूच्या जाळीशी हात धरा. पंखा जोरात फिरतोय, पण वारा येत नाही? वाट धुळीने तुंबली आहे. वारा भरपूर येतोय आणि तो गार लागतोय? मग प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीपर्यंत पोचतच नाही; मधली थर्मल पेस्ट वाळली आहे.

धुळीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मेहनत वाया जाते. वरचं झाकण काढलं की पंख्याची पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि माणूस समाधानाने स्क्रू परत लावतो. खरी धूळ पात्यांच्या पलीकडे असते, तांब्याच्या बारीक पट्ट्यांच्या तोंडाशी. पंख्यावरचा पत्रा उचलला की ती गोधडीच्या तुकड्यासारखी अख्खी निघून येते. बाहेरून ब्लोअर मारला तर हाच तुकडा मागे ढकलला जाऊन पात्यांत अडकतो. ब्लोअर वापरायचाच असेल तर पंखा काडीने अडवून धरा. वाऱ्याने गरागरा फिरला तर त्याचं बेअरिंग जाऊ शकतं. पेस्ट बदलताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा आणि नवी अगदी थोडी लावा.

काही न करताही मशीन गरम राहत असेल, तर ‘टॉप’ ही आज्ञा देऊन प्रोसेसर कोण खातंय ते पाहा. कुणीच दिसत नसेल, तर शंका ग्राफिक्स कार्डावर घ्या. काही टी 420 मध्ये इंटेलच्या जोडीला एनव्हिडियाचं वेगळं कार्ड असतं. ते झोपलं नाही की विनाकारण वीज खातं आणि तापतं. त्याला चालणारी ड्रायव्हरची 390 मालिका एनव्हिडियाने 2022 अखेर सोडून दिली, त्यामुळे लिनक्सच्या नव्या कर्नलशी तिचं जमवणं हा मनस्ताप आहे. सोपा मार्ग असा: मशीन सुरू होताना एफ-1 दाबून बायोसमध्ये जा आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘इंटिग्रेटेड ग्राफिक्स’ निवडा. अभ्यासाला, पत्रव्यवहाराला, हिशेबाला इंटेलचं ग्राफिक्स पुरेसं आहे.

फक्त व्हिडिओ पाहतानाच तापतो, हीही नेहमीची तक्रार. या पिढीची इंटेल चिप एच-264 प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडते, पण यूट्यूब हल्ली बहुधा व्हीपी-9 किंवा एव्ही-1 पाठवतं. ते तिला येत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरमध्ये एच-264-इफाय हे एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूबकडून एच-264 मागवलं जातं. सोबत आय-965 हा जुना व्हीए-एपीआय ड्रायव्हर लागतो. इंटेलचा नवा ड्रायव्हर इतक्या मागच्या चिपला ओळखत नाही. ब्राउझरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे ना, तेही बघा. तरीही नाही भागलं, तर टीएलपी हे वीजबचतीचं साधन टाकून त्यात टर्बो, म्हणजे जोर लावून वेग वाढवणं, बंद करा. वेग थोडा जाईल, पण तापमान लक्षात येण्याइतकं उतरेल.

कर्नलची चूक कधीच नसते, असं मी म्हणणार नाही. 2011 मधल्या 2.6.38 आवृत्तीनंतर अनेक लॅपटॉप जास्त वीज खाऊ लागले. पीसीआय एक्सप्रेसच्या वीजबचतीबद्दल बायोस सांगत होतं एक, आणि विंडोज वागत होतं वेगळं. लिनक्सने बायोसचा शब्द प्रमाण मानला होता. कर्नलवर काम करणाऱ्या मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोजची वागणूक तपासून दुरुस्ती लिहिली, ती 2012 च्या 3.3 आवृत्तीत आली. बायोस घडतं आणि तपासलं जातं ते मुख्यतः विंडोजवर. म्हणून बायोसने ‘तू विंडोज आहेस का’ असं विचारलं की लिनक्स आजही ‘हो’ म्हणतं.

म्हणूनच नवं लिनक्स डिस्कवर चढवण्याआधी पेनड्राइव्हवरून तासभर चालवून पाहा. वायफाय लागतंय का, विशेषतः ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर; झाकण मिटल्यावर मशीन झोपतं का आणि उघडल्यावर जागं होतं का; पंखा तापमानाप्रमाणे वरखाली होतो का.

आणि एक गोष्ट यातल्या कशानेही बरी होणार नाही. टचपॅड वर उचलला गेला असेल, तळाचा पत्रा फुगला असेल, तर बॅटरी सुजली आहे. मशीन ताबडतोब बंद करा, चार्जिंग काढा. ती बॅटरी टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. टी 420 ची बॅटरी बाहेरून खटका सरकवून निघते आणि ती काढल्यावर मशीन नुसत्या अडॅप्टरवरही चालतं.