मनगटावरील पट्टा आणि देहाचे वजन

(संघाच्या वार्षिक संमेलनात आरोग्य-समितीच्या विद्यमाने दिलेले व्याख्यान)



आरोग्य-समितीने आजच्या व्याख्यानासाठी आम्हांस पाचारण केले, याबद्दल प्रथम समितीचे आभार मानणे हे आमचे कर्तव्य आहे. विषयही समितीनेच नेमून दिला आहे. संघाच्या आरोग्यनिधीतून सभासद-कुटुंबांस ‘फिटनेस ट्रॅकर’ म्हणजे मनगटी पट्टे सवलतीच्या दराने द्यावेत, त्यायोगे आपल्या मंडळींचे वाढते वजन आटोक्यात येईल, अशी सूचना काही तरुण सभासदांनी केली आहे. सूचनेमागील कळकळ निःसंशय स्तुत्य आहे. परंतु हा निधी आपल्या वडीलधाऱ्यांनी पै-पैसा जमवून उभा केलेला, गरजू रुग्णांच्या औषधोपचारासाठी राखलेला आहे. तेव्हा त्याचा विनियोग करण्यापूर्वी हे यंत्र वजन उतरवते की नाही, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. पट्ट्याच्या आत हालचालीतील बदल टिपणारा एक सूक्ष्म भाग असतो. मनगट विशिष्ट लयीत हलले की यंत्र ते एक पाऊल समजते. पट्ट्याच्या खालच्या बाजूस हिरवा प्रकाश लुकलुकतो. तो कातडीखालील रक्तावरून परततो आणि त्याच्या चढउतारावरून नाडीचे ठोके मोजले जातात. पावले व ठोके, तसेच आपण भरलेले वय, उंची, वजन यांची सांगड घालून ‘इतके उष्मांक खर्च झाले’ असा आकडा यंत्र दाखविते. यांपैकी पावले आणि ठोके ही मोजदाद होय. उष्मांकांचा आकडा हे मात्र केवळ अनुमान होय. हा भेद श्रोत्यांनी ध्यानी ठेवावा, कारण पुढील बराचसा विचार त्यावरच उभा आहे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ६० व्यक्तींच्या मनगटांवर सात प्रकारची यंत्रे बांधून त्यांची परीक्षा घेतली. नाडीच्या ठोक्यांबाबत सातांपैकी सहा यंत्रांची चूक शेकडा पाचांहून कमी भरली. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राचीही चूक शेकडा २७ इतकी होती, आणि सर्वांत वाईट यंत्राची शेकडा ९३. दुकानातील तराजू शंभरामागे सत्तावीसने चुकू लागला तर आपण त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. मग ‘आज चारशे उष्मांक जाळले’ हा पट्ट्याचा निरोप प्रमाण मानून जेवताना एक वाटी श्रीखंड अधिक घेणे कितपत शहाणपणाचे, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे.

दुसरा आकडा दहा हजार पावलांचा. आज घरोघरी हा आकडा शास्त्रवचनाप्रमाणे मानला जातो. त्याचा उगम पाहू जाता तो जपानातील बाजारपेठेत सापडतो. १९६४ साली टोकियोस ऑलिंपिक सामने झाले, लोकांत व्यायामाचा उत्साह संचारला, आणि १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने कमरेस लावण्याचे पाऊलमापक विक्रीस आणले. त्याचे नाव ‘मानपो-केइ’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा पूर्ण आणि लक्षात राहण्याजोगा होता, म्हणून तो जगभर रुजला. पुढे २०१९ साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७२ वर्षे होते. दिवसास सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४१ कमी आढळले, आणि ७,५०० पावलांच्या पुढे अधिक लाभ दिसला नाही. तेव्हा ज्या आजीबाईंचे गुडघे दहा हजारांस राजी नाहीत, त्यांनी खंत करण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पट्टा बांधल्याने वजन उतरते काय? या प्रश्नावर झालेला एक गाजलेला प्रयोग अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचा असून त्याचा वृत्तांत २०१६ साली प्रसिद्ध झाला. वजन अधिक असलेल्या ४७१ तरुण-तरुणींना प्रथम सहा महिने मर्यादित आहार, व्यायाम आणि गटाने समुपदेशन असा सारखाच कार्यक्रम दिला. नंतर त्यांचे दोन भाग केले. एका भागाने आपला आहार व व्यायाम स्वतः नोंदवावा, दुसऱ्याने दंडावर यंत्र बांधावे, असे ठरले. दोन वर्षांअखेर स्वतः नोंद ठेवणाऱ्यांचे वजन सरासरी ५.९ किलो उतरले होते. यंत्र बांधणाऱ्यांचे उतरले ३.५ किलो. अर्थात दोघांचेही वजन उतरले, पण यंत्राच्या साहाय्याने ते कमी उतरले!

त्याच वर्षी सिंगापूरचा प्रयोगही प्रसिद्ध झाला. तेरा संस्थांतील ८०० नोकरदारांपैकी काहींना नुसता पट्टा दिला, काहींना पट्ट्यासोबत चालण्याबद्दल रोख बक्षीस दिले, काहींच्या चालण्याबद्दल धर्मादाय संस्थांस देणगी दिली, तर काहींना यांतील काहीच दिले नाही. रोख बक्षीस होते तोवर पावले वाढली; बक्षीस थांबले तसा उत्साहही ओसरला. वर्षाअखेर वजन वा रक्तदाब यांत कोणत्याही गटास पट्ट्याचा लाभ झालेला दिसला नाही, आणि पट्टे मिळालेल्यांपैकी दहांत जेमतेम एकजण तो वापरीत होता. आपल्या निधीसंबंधी विचार करणाऱ्यांनी या प्रयोगाचे विशेष मनन करावे, अशी आमची विनंती आहे.

असे का व्हावे? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. सत्तर किलो वजनाच्या माणसाने दहा हजार पावले अधिक चालली, तर त्यास सुमारे शंभर मिनिटे लागतील आणि खर्च होतील अदमासे तीनशे उष्मांक. म्हणजे आहारात तिळमात्र वाढ न करता असा नेम पंचवीस-सव्वीस दिवस चालविला तर कागदावर एक किलो उतरेल. उलटपक्षी तूप सोडलेली एक चांगली पुरणपोळी तेवढे उष्मांक पाच मिनिटांत परत देते. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, असा ज्यांचा परिपाठ आहे त्यांच्या पोटात निव्वळ साखरेचे १६० उष्मांक जातात. ते फेडावयाचे तर पाच हजारांवर पावले टाकावी लागतात. चहातील साखर सोडण्यास मात्र एकही पाऊल टाकावे लागत नाही.

शिवाय देह हा मोठा धोरणी हिशेबनीस आहे. व्यायाम वाढला की भूक वाढते, आणि सकाळी फिरून आलेला मनुष्य उरलेला दिवस आरामखुर्चीत काढतो. आफ्रिकेत टांझानियाच्या उत्तर भागात हाड्झा नावाची जमात शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहते. दिवसभर चालणाऱ्या या लोकांचा उष्मांक-व्यय मोजला असता, शरीराचे आकारमान हिशेबात घेतल्यावर, तो शहरांत बैठे काम करणाऱ्या पाश्चात्त्यांच्या जवळपासच निघाला, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. चालण्याने उष्मांक मुळीच खर्च होत नाहीत असा याचा अर्थ नव्हे. केवळ चालण्याच्या बळावर वजन उतरविण्याची आशा धरणे फोल, एवढाच बोध घ्यावयाचा.

मग पट्टा निरुपयोगी म्हणावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या विषयावरील ३९ आढावा-निबंध एकत्र तपासले. पट्टा बांधणारी माणसे दिवसास सुमारे १,८०० पावले अधिक चालतात आणि त्यांचे वजन सुमारे एक किलोने उतरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एक किलो ही मिळकत अल्प खरी. परंतु अठराशे पावलांची किंमत निराळी आहे. चालण्याने रक्तातील साखर आणि रक्तदाब यांस लगाम बसतो, झोप सुधारते, मन प्रसन्न राहते. आणि हे लाभ काटा जागचा न हलला तरी मिळतात. पट्टा हा चालावयास लावणारा बरा सोबती आहे. वजन उतरविण्याचे काम त्याच्यावर सोपविणे म्हणजे घरच्या पहारेकऱ्यास स्वयंपाक करण्यास सांगणे होय.

येथे आपल्या लोकांविषयी एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपणा दोघांचे छायाचित्र छापून एक विलक्षण तुलना केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अगदी एकच. पण देहातील चरबी युडकिनसाहेबांची शेकडा ९.१, तर याज्ञिकांची शेकडा २१.२! अंगाने सडपातळ, परंतु आतून मेदयुक्त, अशी आपल्या देशबांधवांची ठेवण असते, हे डॉ. याज्ञिकांच्या संशोधनाने जगापुढे आणले. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी निराळ्या मर्यादा ठरविल्या. निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन अधिक, २५ च्या वर गेला की स्थूलता. आणि कमरेचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत. ज्याचे वजन जेमतेम आहे पण पोट पुढे आले आहे, अशा गृहस्थास पट्टा रोज शाबासकी देत राहील. शिंप्याची टेप मात्र त्यास खरे ते सांगेल.

घरातील भगिनींसंबंधी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. पोळ्या लाटताना मनगट हलते, तेव्हा पट्टा ती पावले समजू शकतो. आणि भरलेली बादली धरून जिना चढताना हात स्थिर राहतो, तेव्हा खरी पावलेही त्याच्या नजरेतून निसटू शकतात. हा दोष किरकोळ आहे. खरी अडचण वेळेची. ‘सूनबाई, तू फिरायला का जात नाहीस?’ असे विचारणाऱ्या कुटुंबाने त्या वेळात तिच्या हातचे काम कोण करणार, हे प्रथम ठरवावे. तिला पट्टा भेट देण्यापेक्षा रोज पाऊण तास भेट द्यावा. तो अधिक गुणकारी ठरेल.

आणखी एक गोष्ट कटू वाटेल, तरी बोलणे प्राप्त आहे. वधू-वर मेळावा जवळ आला की काही घरांत उपवर मुलीच्या मनगटी पट्टा चढतो आणि रात्री वडील माणसे तिच्या पावलांचा हिशेब घेतात. आमच्या दवाखान्यात अशा मुली येतात. चक्कर येते, पाळी चुकते, जेवणाचे ताट पाहून रडू येते, असे त्या सांगतात. वाढत्या वयात आकड्यांचा असा ससेमिरा मागे लागला म्हणजे अन्नाशी वैर उत्पन्न होण्याचा धोका असतो. ज्या घरात पट्टा हे पाळतीचे साधन झाले असेल, तेथे तो आजच काढून ठेवावा. मुलीचे आरोग्य तिच्या विवाहाहून लहान नाही. आणि उपवर मुलांच्या पोटाचा घेर कोणी मोजत नाही, हेही या सभेत नमूद करून ठेवतो.

आता समितीपुढे आमचे नम्र मत मांडतो. निधीतून पट्टे घेऊ नयेत. त्याऐवजी संघाच्या कार्यालयात एक खात्रीचा वजनकाटा, मोजण्याची टेप आणि रक्तदाब पाहण्याचे यंत्र ठेवावे. वर्षातून दोनदा रक्तातील साखरेची तपासणी करावी. आणि सकाळी व सायंकाळी अशा दोन वेळा फिरावयास जाणारी मंडळे स्थापावीत, म्हणजे स्त्रियांसही सोयीची वेळ साधता येईल. पिट्सबर्गच्या तरुणांस ज्या गोष्टींनी हात दिला त्या म्हणजे बेताचा आहार, स्वतःच्या हाताने ठेवलेली नोंद आणि माणसांची सोबत. दोन रुपयांची पेन्सिल आणि एक वही यांवर ती नोंद होऊ शकते. जे खाल्ले ते त्याच दिवशी लिहावे, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी वजन करावे, महिन्यातून एकदा कंबर मोजावी. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहार घटविण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे.

ज्यांनी पट्टा आधीच विकत घेतला आहे, त्यांनी तो टाकून देऊ नये. त्यातील उष्मांकांच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे. पहिल्या आठवड्यातील आपल्या पावलांची सरासरी काढावी आणि तीत दरमहा पाचशे-हजारांची भर घालीत सात-आठ हजारांपर्यंत यावे. आठवड्यास किमान दीडशे मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. त्याची मोजदाद पट्टा उत्तम करील.

शेवटची विनंती आपणा सर्वांस मिळून आहे. आपल्या ज्ञातीत पाहुणचाराची थोर परंपरा आहे आणि तिचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु पंगतीत ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात जिलेबी लोटणे हा पाहुणचाराचा भाग समजण्याचे आपण सोडून द्यावे. ज्या गृहस्थाने दोन महिने नेम पाळून कंबर दोन बोटे कमी केली, त्याचा नेम मोडण्यास आपली एक आग्रहाची पंगत पुरते. येत्या वर्षी संघाच्या सर्व समारंभांत वाढप्यांनी एकदाच विचारावे आणि नकार आल्यास पुढे जावे, असा ठराव कार्यकारी मंडळाने करावा. त्यास एक पैसाही खर्च नाही.