बालवर्गाच्या तुकड्या



आपल्या शाळेच्या पहिल्या इयत्तेत 'हुशार' व 'मंद' अशा दोन तुकड्या कराव्या, असे काही पालकांचे म्हणणे आहे. त्यामागील कळकळ आम्ही जाणतो. तथापि आमचे मत विरुद्ध आहे. सहा वर्षांच्या बालकाची बुद्धी कोणत्या मापाने मोजावी? एकाच वर्गात कोणी दुसऱ्याहून दहा-अकरा महिन्यांनी धाकटे असते. घरी कादोडी वा वाडवळी बोलणारे मूल पुस्तकी मराठीपुढे अडखळते, ते काय मतिमंद म्हणावे?

आम्हां धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हियानी लॅटिनमध्ये कच्चे ठरून लियाँच्या सेमिनरीतून परत पाठविले गेले होते. फादर बाले यांनी त्यांस आपल्यापाशी ठेवून शिकविले, आणि १८१५ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. मंद तुकडीत बसविले असते तर त्यांस बाले कोठून भेटते?

वाचनाच्या तासाला मागे राहिलेल्या चौघांस शिक्षकांनी अवश्य जवळ घ्यावे. तास संपताच त्यांनी आपल्या सोबत्यांत परत बसावे. याकरिता एक शिक्षक अधिक लागेल. ज्युबिलीच्या वर्गणीतील शिलकेतून त्यांचा पगार द्यावा, अशी आमची विनंती आहे. रोषणाई थोडी कमी झाली तरी चालेल.