तळाचा हिशेब



आम्ही शाळा लवकर सोडली. जे शिकलो ते यंत्रावर, कामगारांच्या सभेत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा नसावी. पण नाथसागराचे पाणी आपले छत्रपती संभाजीनगर रोज पिते. म्हणून त्याच्या तळाचा विषय केवळ पंडितांचा नव्हे.

पैठणच्या धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. धावती गोदावरी तेथे थबकते आणि बरोबरचा गाळ खाली टाकते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर दोनेक मिनिटांत उतरतो. त्याच्या शंभरपट बारीक मातीच्या कणाला बारा-तेरा दिवस लागतात. आपल्या काळ्या मातीत असे बारीक कण फार. जस्त, निकेल यांसारखे धातू त्यांना बिलगतात. खतातून, सांडपाण्यातून आलेले फॉस्फेट मातीतल्या लोहाच्या गंजाला चिकटते.

मग ते तळाशी कायमचे गाडले गेले काय? नाही. तळालगत पाण्याचा वेग घर्षणाने मंदावतो. तेथे विरघळलेला पदार्थ न ढवळलेल्या साखरेसारखा हळूहळू वर सरकतो. कुजणाऱ्या गाळाने तेथला प्राणवायू संपवला, की गंज विरघळतो आणि मोकळे झालेले फॉस्फेट शेवाळाचे खाद्य बनते. उन्हाळ्यात पातळी उतरली, की वाऱ्याच्या लाटा उथळ तळ ढवळतात. दुष्काळात तर मृत साठ्याला हात घालावा लागतो. फारोळ्याला पाणी शुद्ध होते हे खरे. पण गाळ निवळतो तितक्या सहज विरघळलेले निघत नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. धातूला मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात आम्ही हातमोजे मागितले, पगारवाढ मिळवली. एकदा एका वृद्ध कामगाराने विचारले, "भाऊ, टाकी धुतलेलं हे पाणी जातं कुठं?"

"नाल्यात."

"आणि नाला?"

नाला खाम नदीला, आणि खाम गोदावरीला. आम्हांला पुढे बोलवेना. आमच्या मागणीपत्रकात त्या मोरीविषयी एक ओळही नव्हती.

मित्रहो, तळाला बसलेले उपसणे कठीण; मोरीशी अडवणे त्यामानाने सोपे. सांडपाणी शुद्ध केल्याखेरीज बाहेर सोडू नये, ही मागणी यापुढे पगाराच्या मागणीशेजारी लिहिली पाहिजे. ती लिहिताना आपण नागरिकांनी कामगारांच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच विनंती.