हंगामाचे पाहुणे आणि हंगामाचे मजूर



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या कपाटात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. जे पाहिले ते सांगावे, आणि त्यावरून जे सुचले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अमेरिकेला जाण्याचा योग आला. आमची थोरली मुलगी आणि जावई ॲरिझोना राज्यात फिनिक्सला असतात. त्यांनी आम्हांला ग्रँड कॅनियन दाखवण्याचा बेत केला होता. आम्ही म्हटले, ती दरी काही पळून जात नाही. आधी तुमच्याकडचे शेतमजूर कोठे राबतात ते दाखवा. जावईबापू समंजस. त्यांनी गाडी नैऋत्येकडे वळवली आणि तीन तासांत आम्ही युमाला पोचलो.

युमा हे कोलोरॅडो नदीच्या काठचे शहर. नदीपलीकडे कॅलिफोर्निया, आणि थोडे दक्षिणेला गेले की मेक्सिकोची हद्द. चहूकडे वाळवंट, वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम तीन-चार इंच. उन्हाळ्यात ४३-४४ अंश उष्णता नित्याची, परंतु जानेवारीत दुपारी वीस-एकवीस अंश आणि लख्ख ऊन. त्याच वेळी उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात दारापुढे गुडघाभर बर्फ साचलेले असते. मग तिकडची पेन्शनर मंडळी काय करतात? मोटारीलाच घर जोडतात, नाहीतर मोटारीचेच घर करतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेची वाट धरतात. या मोटारघरांत झोपण्याची जागा, चूल, शीतकपाट, न्हाणीघर असे सगळे असते. या मंडळींना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात, म्हणजे हिमपक्षी. आपल्या उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, तशी ही माणसे युमाच्या आसपास उतरतात आणि मार्च-एप्रिलात परत जातात.

युमाच्या उत्तरेला क्वार्टझसाइट नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या भोवतालच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने मोटारघर लावून राहण्याची परवानगी मिळते. १९८३ पासूनची ही व्यवस्था. सबंध हंगामाची फी अनेक वर्षे १८० डॉलर होती. जानेवारीत तेथे मोटारघरांची मोठी जत्रा भरते. वाळवंटात क्षितिजापर्यंत पांढऱ्या गाड्यांचे छत दिसते. आमच्या मनात आले, ही तर पंढरीच्या वाळवंटासारखी गर्दी! फरक इतकाच, की येथे प्रत्येक बिऱ्हाड दुसऱ्यापासून शंभर पावले दूर.

पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. क्वार्टझसाइटच्या स्मशानात दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. ते हाजी अलीचे स्मारक. अमेरिकन लष्कराने वाळवंटात ओझी वाहण्यासाठी पूर्वेकडून उंट आणवले, त्यांच्याबरोबर हा उंटवाला १८५६ साली आला. त्याचे नाव तिकडच्या लोकांच्या तोंडी ‘हाय जॉली’ झाले. उंटांचा प्रयोग बारगळला. हाजी अली तेथेच राहिला आणि १९०२ साली तेथेच वारला. परदेशातून कामासाठी आणलेला माणूस! त्याच्या थडग्यापाशी आम्ही क्षणभर टोपी काढून उभे राहिलो. युमात जुना तुरुंगही आहे. १८७६ ते १९०९ तो चालला; पुढे काही वर्षे त्याच आवारात हायस्कूल भरत असे, आणि त्या शाळेचे खेळाडू आजही स्वतःला मोठ्या अभिमानाने ‘क्रिमिनल्स’ म्हणवतात. नदीपलीकडे बार्डच्या खोऱ्यात मेजूल खजुराच्या बागा आहेत. १९२७ साली मोरोक्कोतून ११ रोपे आणली, त्यांतली नऊ जगली, आणि त्या वंशावर हा सारा पसारा उभा आहे.

सगळ्यात मौज आहे ती सरहद्दीपलीकडच्या लोस अल्गोदोनेस गावाची. चार गल्ल्यांचे गाव, पण दंतवैद्य काही शे! गावाला ‘दाढांचे शहर’ असे टोपणनावच पडले आहे. पेन्शनर मंडळी अलीकडे मोटार लावून पायीच हद्द ओलांडतात, दात बसवून घेतात, चष्मा करतात, औषधे घेतात आणि संध्याकाळी परत येतात. आम्ही विचारले, एवढा श्रीमंत देश, मग दातांसाठी परमुलखात का जाता? उत्तर मिळाले, म्हाताऱ्यांसाठी सरकारचा जो मेडिकेअर विमा आहे, त्यात दातांचा खर्च बहुतेक येतच नाही. येथे प्रथम आमच्यातला युनियनवाला जागा झाला.

ज्या मोटारतळावर आम्ही गेलो, तेथे एक सत्तरीचे गृहस्थ झाडू मारत होते. आमचे इंग्रजी कामचलाऊ. लेक दुभाषी झाली. गृहस्थ ओहायोचे, पूर्वी कारखान्यात यंत्रावर होते. कारखाना बंद पडला, पत्नी वारली, घर विकले, आणि उरलेल्या पैशांत हे मोटारघर घेतले. पेन्शन येते, पण पुरत नाही. म्हणून ऑक्टोबरात ते उत्तरेला साखरेच्या बिटाच्या हंगामावर जातात. रोज बारा तासांची पाळी, मालकाकडून मोटारघराला जागा आणि वीजपाणी. ऐकून आम्हांला हसू आले आणि वाईटही वाटले. साता समुद्रांपलीकडे गेलो तरी साखरेचा हंगाम काही पाठ सोडीना! तो संपला की ते युमाला येतात. येथे आठवड्याला वीस तास काम करायचे: संडास-न्हाणीघरे धुणे, फाटकावर बसणे, आल्यागेल्याला जागा दाखवणे.

आम्ही विचारले, “पगार किती?”

ते म्हणाले, “पगार नाही. जागेचे भाडे माफ.”

“आजारी पडलात तर?”

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाले, “मग जागा दुसऱ्याची.”

अशी कामे करणारी हजारो माणसे तिकडे आहेत. ॲमेझॉन कंपनीनेही २००८ पासून काही वर्षे नाताळच्या गर्दीसाठी मोटारघरवाल्या म्हाताऱ्यांची खास भरती चालवली होती. त्यांच्यावर जेसिका ब्रूडर यांनी ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली लिहिले, आणि त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. यातल्या काहींना हे जिणे खरोखर आवडते, तेही आम्ही नाकारीत नाही. मोकळे आकाश, सोबतीला समवयस्क, अंगावर ऊन. आमचे गृहस्थही स्वतःला दुःखी म्हणवून घ्यायला तयार नव्हते.

आता त्याच गावातली दुसरी माणसे पाहा. अमेरिकेत हिवाळ्यात खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीपैकी फार मोठा वाटा युमाच्या आसपास पिकतो. नोव्हेंबर ते मार्च लेट्यूसची काढणी. जावयांनी आम्हांला पहाटे तीनला सान लुईसच्या नाक्यावर नेले. पलीकडे मेक्सिकोतले सान लुईस, अलीकडे ॲरिझोनातले. कडाक्याच्या थंडीत शेकडो बाया-माणसे रांगेत उभी. डोक्याला रुमाल, हातात डब्याची पिशवी. हद्द ओलांडली की पांढऱ्या बसगाड्या त्यांना शेतावर नेतात. बसच्या मागे संडासाची गाडी जोडलेली. उजाडले की वाकून गड्डा कापायचा, पाने सोलायची, पिशवीत घालायचा, चोवीस गड्ड्यांची पेटी भरायची. यंत्र पुढे सरकते, त्याच्या मागोमाग माणसांची ओळ सरकते. उन्हाळ्यात हेच पीक कॅलिफोर्नियातल्या सलिनासला जाते, आणि यांतले पुष्कळ मजूर पिकामागे जातात.

तर पाहा. पहाटे मजूर उत्तरेला येतात आणि दिवसा पेन्शनर दक्षिणेला जातात. एकाला मजुरी हवी, दुसऱ्याला दात. दोघेही हंगामाची पाखरे. पण एकमेकांना ते ओळखत नाहीत.

याचे मूळ कायद्यात आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन मोठे कायदे झाले. एकाने कामगाराला संघटना करण्याचा हक्क दिला, दुसऱ्याने म्हातारपणाची पेन्शन दिली. दोन्हींतून शेतमजूर वगळला गेला. पेन्शन त्याला १९५० नंतर हळूहळू मिळाली. परंतु संघटनेच्या त्या कायद्याबाहेर तो आजही आहे. ओहायोच्या म्हाताऱ्याला जी तुटपुंजी का होईना पेन्शन आहे, ती त्याच्या आधीच्या कामगारांनी लढून मिळवलेली आहे. शेतमजूरही लढले नाहीत असे नव्हे. १९६५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या डेलानोला फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला, मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले, आणि पाच वर्षांनी, १९७० साली मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. त्या लढ्याचे एक पुढारी सीझर चावेझ यांचा जन्म याच युमाजवळचा, १९२७ सालचा. मंदीत त्यांच्या घरची जमीन गेली आणि सारे कुटुंब पिकामागे फिरू लागले.

आज युमात ‘एच-टू-ए’ व्हिसावरही पुष्कळ मजूर आणले जातात. मालकाने त्यांना फुकट राहायला जागा द्यावी, कराराच्या तीन-चतुर्थांश दिवसांच्या कामाची हमी द्यावी, असा नियम आहे. नियम चांगला. पण व्हिसा त्या एका मालकाशी बांधलेला. त्याच्याशी वाजले तर काम गेले, छप्पर गेले आणि त्या देशात राहण्याचा आधारही गेला. मग तक्रार करणार कोण?

येथे आम्हांला आमचे लहानपण आठवले. आमचे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाकडून दसऱ्याआधी उचल घ्यायची आणि सहा महिने कारखान्याच्या हद्दीत कोपीत राहायचे. आम्ही आठ वर्षांचे असताना वडिलांनी वजनावरून मुकादमाशी हुज्जत घातली. त्याने हिशेब केला नाही, शिवीही दिली नाही, एवढेच म्हणाला, “कोपी रिकामी कर.” मध्यरात्री आईने चुलीतले निखारे पाण्याने विझवले आणि भांडी पोत्यात भरली. तेव्हा वडील मुकादमाच्या पाया पडले. पहाटे पुन्हा कोयता घेऊन फडात गेले. त्या रात्री आम्ही जे शिकलो ते पुढे कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही.

म्हणून आमचे सांगणे एकच आहे. कामाचा मालक आणि घराचा मालक एक असता कामा नये. ओहायोचा म्हातारा, मेक्सिकोचा मजूर आणि आमचे वडील यांची मजुरी वेगळी, भाषा वेगळी. पण तिघांच्याही डोक्यावरचे छप्पर मालकाच्या मुठीत. ज्याला ‘नाही’ म्हणताच रात्री बिऱ्हाड उचलावे लागते, त्याच्या ‘हो’ला किंमत काय?

कोणी म्हणेल, हंगामी काम बंदच करा. तसे होणार नाही. ऊस, लेट्यूस, खजूर हे कॅलेंडर पाहूनच पिकतात. परंतु हंगामी कामालाही रीत लावता येते. आपल्याच साखर कारखान्यांत हंगामी कामगाराला कारखाना बंद असतानाच्या काळात रिटेनिंग अलाउन्स मिळतो आणि पुढल्या हंगामात परत बोलावले जाते. हे आकाशातून पडले नाही, संघटनेने मिळवले. मात्र त्याच कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊस जो तोडतो, तो या हक्काच्या बाहेर उभा आहे. तेव्हा मागायचे ते इतकेच: कामाचा लेखी करार, पुढल्या हंगामाला परत बोलावण्याचा हक्क, आणि निवारा मुकादमाच्या मर्जीवर नसून सार्वजनिक व्यवस्थेचा, काम सुटले तरी हंगाम संपेपर्यंत टिकणारा.

आपण नगरवासी मंडळी चहात साखर घालता. ती गोड लागावी हे योग्यच आहे. पुढल्या दिवाळीनंतर गावाबाहेरच्या रस्त्याने ट्रॅक्टरवर संसार लादून माणसे जाताना दिसतील, तेव्हा त्यांना एवढे विचारा, “तुमचा करार कागदावर आहे का?” विचारणारे वाढले की उत्तर देणाऱ्यालाही धीर येतो.

निघताना त्या गृहस्थांनी आमचा हात हातात घेतला आणि विचारले, पुढच्या वर्षी येणार का? आम्ही म्हटले, आमचे काय सांगावे; तुम्ही असाल ना? ते म्हणाले, “जागा राहिली तर.”