दोघांचं रक्त तपासा, मगच पाळण्याचा विचार करा
(उपकेंद्रातील नर्सबाईंनी जोडप्यांच्या सभेत केलेले भाषण)



वावरातली कामं बाजूला ठेवून आपण जोडीनं आलात, फार बरं वाटलं. आज सिकलसेलविषयी बोलायचं आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणि साऱ्या विदर्भात हा आजार आढळतो.

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. म्हणून सांधे ठणकतात, लेकराचे हातपाय सुजतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून लेकरू फिकं पडतं.

ही करणी नव्हे. शिवल्यानं हा आजार लागत नाही. आणि सुनेला बोल तर मुळीच लावू नका. आजारी मुलाला हा दोष आई आणि बाप, दोघांकडून आलेला असतो.

ज्याच्या रक्तात हा दोष एकाच बाजूनं आला, तो वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची, दोन वाहक होण्याची आणि एक निर्दोष होण्याची. काही जण विचारतात, “बाई, पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन तर चांगली होतील ना?” नाही. हा हिशेब दर खेपेला नव्यानं मांडला जातो.

म्हणून मूल होऊ देण्याआधी दोघांचीही तपासणी करा. बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. शंका आली तर पक्की तपासणी मोठ्या दवाखान्यात होते. दोघे वाहक निघालात तर घाबरू नका. निरोध, गोळ्या किंवा तांबी वापरून सवड घ्या आणि डॉक्टरांशी बोला. दिवस गेलेच असतील, तर पहिल्या तीन महिन्यांतच आम्हाला सांगा.

घरात आजारी लेकरू असेल, तर त्याला भरपूर पाणी पाजा. थंडी आणि कडक उन्हापासून जपा. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका, लसी वेळेवर द्या. लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका. हायड्रॉक्सियुरिया चालू असलेल्या स्त्रीनं किंवा पुरुषानं मूल हवं असल्यास आधी डॉक्टरांना विचारावं. ताप, छातीत दुखणं, धाप, पोट फुगून लेकरू एकदम पांढरं पडणं, हातपाय लुळे पडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, तडक दवाखाना गाठा.

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आहे. २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा आहे. पण ते काम सुरू होतं तुमच्या घरातून.

लाज बाळगू नका. मनात शंका असेल ती उपकेंद्रात येऊन विचारा. तुमची गोष्ट तिथंच राहील.

रक्त तपासा दोघांचं, आयुष्य जपा बाळाचं!