नागरिक तिकडचा, रहिवासी इकडचा

पॅलेस्टाइनचा विषय निघाला की लोक मला विचारतात, 'तुम्ही कुणाच्या बाजूचे?' माझं नाव ऐकून उत्तर त्यांनी बहुधा आधीच ठरवलेलं असतं. आज बाजू राहू द्या. दोन आराखड्यांविषयी बोलतो, एक जुना, एक नवा.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाइनसाठी अकरा देशांची समिती नेमली. बहुमत फाळणीच्या बाजूने गेलं. भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने मात्र एकच संघराज्य सुचवलं. त्यात ज्यूंचं आणि अरबांचं अशी दोन घटक राज्यं, राजधानी जेरुसलेम. आपले प्रतिनिधी होते न्यायाधीश सर अब्दुर रहमान. अहवालावर सह्या झाल्या ३१ ऑगस्टला. तेव्हा आपल्या स्वतःच्या फाळणीला जेमतेम पंधरवडा झाला होता! नोव्हेंबरात ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव मंजूर झाला. भारताचं मत विरोधात होतं.

मग युद्ध झालं आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. कवी महमूद दरवीश यांचं अल-बिरवा हे गावही त्यात गेलं. १९८८ साली अल्जिअर्सला पॅलेस्टाइन राज्याची घोषणा झाली, तिचा मसुदा दरवीशांनीच लिहिला. एके काळी अरबांनी धुडकावलेल्या १९४७ च्या ठरावाचा आधार त्यात घ्यावा लागला.

आज अडचण निराळी आहे. पश्चिम किनारा आणि पूर्व जेरुसलेम मिळून सुमारे सात लाख इस्रायली वसाहतींत राहतात. २००५ मध्ये गाझातून आठेक हजारांना हलवताना इस्रायल सरकारची दमछाक झाली होती. मग इतक्यांना कोण हलवणार? २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा यांनी पॅलेस्टाइनला मान्यता दिली, पण त्याने एकही वसाहत हलली नाही.

ओस्लो कराराच्या शिल्पकारांपैकी योसी बेलिन आणि पॅलेस्टिनी वकील हिबा हुसेनी यांनी २०२२ मध्ये महासंघाचा आराखडा मांडला. राज्यं दोन आणि सार्वभौम, पण नागरिकत्व आणि वास्तव्य वेगवेगळं. वसाहतीतला इस्रायली हवं तर तिथेच राहील, पॅलेस्टाइनचा कायदा पाळून. तितकेच पॅलेस्टिनी नागरिक इस्रायलमध्ये राहू शकतील.

आपल्याला हे फार परकं वाटू नये. रायगडचे बेने इस्रायली, आपले शनिवार तेली, इस्रायलला गेले आणि तिथे मराठीतून 'मायबोली' काढू लागले. अर्थात त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. हा फरक फार मोठा आहे.

७ ऑक्टोबर २०२३ आणि त्यानंतर गाझाची झालेली राखरांगोळी पाहिल्यावर, वसाहतीतला माणूस रात्री-अपरात्री पॅलेस्टिनी पोलिसाला फोन करील का? मला तर 'तितकेच' हाही शब्द खटकतो. नोंदलेले निर्वासित पन्नास लाखांहून जास्त आहेत, त्यांतल्या कुणाचा नंबर लागायचा? तरीही चर्चा व्हायची तर या आराखड्यापासून व्हावी असं मला वाटतं. सर अब्दुर रहमान यांच्या अल्पमताप्रमाणे यातही कुणाला घरातून उचलून रेषेपलीकडे टाकायचं गृहीत धरलेलं नाही.