ती चिठ्ठी कपाटातून बाहेर काढा

आजचा भाग कोडिंगवर नाही, माझ्या घरातला आहे. आधीच सांगतो, मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. हे ऐकून घरबसल्या निदान करू नका.

आमचं गाव वरकुटे, तालुका इंदापूर. माझा पुतण्या चार वर्षांचा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात अंगणवाडीतली पोरं वर्षातून दोनदा तपासतात. डॉक्टर मॅडमनी छातीच्या डाव्या बाजूला, वरच्या भागात स्टेथोस्कोप बराच वेळ धरला. म्हणाल्या, "ठोक्याबरोबर खरखर ऐकू येतेय. इको करून घ्या." चिठ्ठी दिली. ती आठ महिने कपाटात पडून राहिली.

का? पोरगं दिवसभर शेरडांमागं पळायचं. दादा म्हणाला, "ह्याला कुठं काय झालंय?" शेजारच्या एक आजी वहिनीला म्हणाल्या, "पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली असशील." त्यानंतर वहिनीनं तो विषयच काढला नाही. आणि मी? पुण्यातून फोनवर म्हणालो, "दिवाळीत आलो की बघू."

दिवाळीत अंगणवाडीच्या ताई घरी आल्या. "इको झाला का?" एवढंच विचारलं. तेव्हा कुठे आम्ही हललो.

आता नेमकं काय असतं ते बघू. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते. त्या वाटेवर एक झडप असते, तीन पाकळ्यांची. तिला पल्मनरी व्हॉल्व म्हणतात. काही बाळांमध्ये या पाकळ्या पोटात असतानाच कडांना चिकटलेल्या राहतात, मग झडप पूर्ण उघडत नाही.

उसाला पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून बघितलाय ना? पाणी आवाज करत जोरात लांब उडतं. इथंही तेच होतं. ती खरखर म्हणजे अरुंद वाटेतून जोरात जाणाऱ्या रक्ताचा आवाज. पण लक्षात घ्या, बऱ्याच निरोगी पोरांच्या छातीतही असा आवाज येतो. कुठला साधा आणि कुठला आजाराचा, याचा निकाल इको लावतो.

इकोत सुई नाही, क्ष-किरण नाहीत. ध्वनिलहरींनी झडप दिसते आणि डॉप्लरने रक्ताचा वेग मोजता येतो. आता माझ्या आवडीचा भाग: वेगाचा वर्ग करा, त्याला चारने गुणा. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मिळतो. सेकंदाला ३ मीटर वेग म्हणजे ३६, ४ मीटर म्हणजे ६४. ३६ च्या खाली सौम्य, ३६ ते ६४ मध्यम, त्यावर तीव्र. पुतण्याचा वेग आला ४.२. मी कागदावर गुणाकार केला. साधारण ७०. आणि गप्प बसलो.

मग पोरगं पळत कसं होतं? उजवा कप्पा जास्त जोर लावून रक्त ढकलत राहतो. रोज पोती उचलणाऱ्याचे दंड भरतात, तशी त्याची भिंत जाड होते. त्यामुळे आजार वर्षानुवर्षं झाकलेला राहू शकतो. दम लागणं, चक्कर येणं, छातीत दुखणं पुढे सुरू होतं. तान्ह्या बाळाचे ओठ निळे पडत असतील तर मात्र थांबायचंच नाही, लगेच दवाखाना.

उपाय आहे. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि टोकाचा फुगा फुगवून झडप मोकळी करतात. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ही पद्धत जगासमोर मांडली. छाती उघडावी लागत नाही. पुतण्याचं तसंच केलं. नंतरच्या इकोत वेग २ आला, म्हणजे फरक १६. आता ठरलेल्या तारखांना तपासणी चालू असते. सौम्य अरुंदपणा असेल तर बहुतेक वेळा फक्त अशी तपासणीच पुरते.

डॉक्टरांनी वहिनीला समोर बसवून सांगितलं, "यात ग्रहणाचा काही संबंध नाही. तुमची चूक नाही." ती तिथंच रडली. आठ महिने ती काय घेऊन फिरत होती, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

तर मंडळी, या कार्यक्रमातून मुलांना पुढची तपासणी आणि उपचारही मोफत मिळतात. तुमच्या घरात अशी एखादी चिठ्ठी पडली असेल तर आज फोन करून विचारा. "दिवाळीत बघू" म्हणू नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!